वाचक विचारतात: काल्क्रीझेचं रोमन रणांगण पाहायला जाताना

इ. स. ९ मध्ये, पानगळीच्या सुमारास, रोमन सेनापती वारुस याच्या तीन लीजन म्हणजे तीन मोठ्या पलटणी उत्तर जर्मनीत संपूर्ण कापल्या गेल्या. त्यांचे क्रमांक होते १७, १८ आणि १९. कट रचणारा आर्मिनिउस हा चेरुस्की टोळीचा सरदारपुत्र होता. तो रोमन नागरिक होता, रोमन फौजेत लढलेला होता आणि वारुसच्या पंगतीला बसणारा होता. लढाई कुठे झाली याचा शोध शेकडो वर्षं चालला. १९८७ पासून ओस्नाब्र्युक शहराच्या उत्तरेला काल्क्रीझे इथे रणांगणाच्या खुणा सापडत गेल्या. या जागेबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलगी हानोव्हरला असते. आम्ही दोघं सप्टेंबरात तिच्याकडे जाणार आहोत. ‘टॉयटोबुर्ग जंगलातली लढाई’ असं वाचलं होतं, म्हणून नकाशावर ते जंगल शोधलं, तर डेटमोल्डजवळ आर्मिनिउसचा मोठा पुतळा दिसतो. तिथेच जायचं ना? (एक वाचक, पुणे)

नाही. इथे अनेकांची गल्लत होते आणि एक अख्खा दिवस वाया जातो. डेटमोल्डजवळच्या ग्रोटेनबुर्ग टेकडीवरचं हेरमान स्मारक (हेरमान म्हणजे आर्मिनिउसच) १८७५ साली पुरं झालं. शिल्पकार एर्न्स्ट फोन बांडेल. चौथऱ्यासकट उंची ५३ मीटरच्या वर आहे. ते भव्य आहे, पण स्मारक आहे, रणांगण नाही. ते उभं राहिलं तेव्हा लढाईची जागा कोणालाच ठाऊक नव्हती. तिथून काल्क्रीझे रस्त्याने साधारण ८० ते ९० किलोमीटर दूर पडतं.

गोंधळ नावामुळे होतो. लढाईला ‘टॉयटोबुर्ग’ हे नाव एकट्या टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या एका उल्लेखावरून मिळालं. आज नकाशावर त्या नावाने दिसणाऱ्या डोंगररांगेला पूर्वी ओस्निंग म्हणत. सतराव्या शतकात विद्वानांनी टॅसिटस वाचून तिचं नाव बदललं. त्यामुळे जंगलाच्या नावावरून लढाईची जागा शोधायला गेलात तर चुकाल. तुम्हाला ब्राम्शे तालुक्यातलं काल्क्रीझे गाव आणि तिथलं ‘वारुसश्लाख्ट’ संग्रहालय हवं आहे. ‘वारुसश्लाख्ट’ म्हणजे वारुसची लढाई. वाटेतल्या तपकिरी पाट्यांवर हाच शब्द असतो, तो लक्षात ठेवा.

हानोव्हरहून गाडी न चालवता जाता येईल का? किती वेळ काढून ठेवावा? (तेच वाचक)

येईल. हानोव्हर ते ओस्नाब्र्युक रेल्वेने सव्वा ते पावणेदोन तास लागतात. गाडी जलद आहे की प्रादेशिक, त्यावर वेळ ठरतो. आम्सटरडॅम–बर्लिन आणि हाम्बुर्ग–कोलोन या दोन्ही मार्गांच्या गाड्या ओस्नाब्र्युकला थांबतात. त्यामुळे युरोपातल्या मोठ्या प्रवासातही हे ठिकाण सहज बसवता येतं. ओस्नाब्र्युकहून रणांगण २० किलोमीटरच्या आसपास आहे. पुढचा टप्पा बसचा, आणि खरी अडचण तिथेच येते. गावाकडच्या बस शनिवार-रविवारी कमी असतात. शाळेच्या सुट्टीत वेळापत्रक वेगळं असतं. म्हणून आधी परतीची शेवटची बस पाहा आणि जायची वेळ त्यावरून ठरवा. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर या ॲपमध्ये प्रवासाची तारीख घालून पाहिलं तर त्या दिवशी खरोखर धावणाऱ्या बस दिसतात. महिन्याचं ‘डॉयचलांडटिकेट’ असेल तर प्रादेशिक गाड्या आणि बस त्यातच येतात, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र नाहीत. मोटारीने जाणाऱ्यांनी ए-१ महामार्गावर ब्राम्शेला उतरून बी-२१८ रस्ता धरावा.

जागेवर चार तास हवेत. दोन तासांत उरकायचं म्हटलं तर संग्रहालय पाहून होतं आणि मैदान राहतं.

आम्ही फोटो पाहिले. मोकळं मैदान, काही लोखंडी पत्रे आणि एक गंजलेला मनोरा. तिथे पाहण्यासारखं नक्की काय आहे? (एक वाचक, नाशिक)

फोटो खरे आहेत. पडका वाडा नाही, बुरूज नाही. आलेला माणूस निराश होतो तो याच कारणाने: डोळे उभ्या बांधकामाला शोधत राहतात, आणि इथला सगळा पुरावा जमिनीच्या चढ-उतारात आणि बोटाच्या पेराएवढ्या वस्तूंत आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मनोरा, मग संग्रहालय, मग मैदान, आणि वेळ उरला तर पुन्हा मनोरा.

मनोरा सुमारे ४० मीटर उंच आहे. झुरिकच्या गिगोन आणि गुयर या वास्तुविशारदांनी तो आणि संग्रहालय मुद्दाम गंज धरणाऱ्या पोलादी पत्र्यांत बांधलं. वर गेल्यावर पहिल्यांदा दक्षिणेकडे तोंड करा. समोर काल्क्रीझेची टेकडी दिसेल, समुद्रसपाटीपासून १५७ मीटर. आपल्याकडच्या वाचकाच्या मनात ‘खिंड’ म्हटलं की पावनखिंड उभी राहते, दोन्ही बाजूंना कडे आणि मधून चिंचोळी वाट. ते चित्र इथे लागू पडत नाही. आता उत्तरेकडे वळा. आज तिकडे सपाट शेतं दिसतात. लढाईच्या काळी तिथे मोठी दलदल होती, ती पुढे चर खणून सुकवली गेली. एका बाजूला रानाने भरलेला आणि ओढ्यांनी चिरलेला उतार, दुसऱ्या बाजूला पाय रुतणारा चिखल, आणि मध्ये जेमतेम किलोमीटरभर रुंदीची पट्टी. त्या पट्टीतही वाळूची कोरडी, चालण्याजोगी जागा थोडीच होती. आता तिच्यात पंधरा-वीस हजार माणसांची, खेचरांची आणि गाड्यांची रांग उभी करा. अशी रांग पंधरा किलोमीटरच्या वर लांबते. पुढच्या टोकाला हल्ला झाला तर मागच्या टोकाला कळायला तास जातात, आणि रोमन पलटणीचं सगळं बळ ज्या शिस्तबद्ध व्यूहात होतं, तो मांडायला इथे रुंदीच मिळत नाही. हे एकदा वरून पाहिलं की रोमन इतिहासकार कॅसियस डिओने लिहिलेलं वर्णन डोळ्यांसमोर घडू लागतं: पाऊस, निसरड्या मुळ्या, मोडून पडणाऱ्या फांद्या आणि बेशिस्त झालेली रांग.

संग्रहालयात घाई करू नका. तीन वस्तूंपुढे थांबाच.

पहिली म्हणजे घोडेस्वाराच्या शिरस्त्राणाचा लोखंडी मुखवटा. सगळे त्याचा चेहरा पाहतात, तुम्ही कडा पाहा. मुखवट्यावर चांदीचा पत्रा मढवलेला होता. लढाईनंतर लुटणाऱ्याने तो कापून काढला. कडेच्या पट्टीखाली अडकलेली चांदी तेवढी राहिली. या जागेचं सगळं मर्म त्या एका कडेत आहे. रणांगण पूर्ण लुटलं गेलं, मोठी आणि चांगली वस्तू कोणी मागे ठेवली नाही. उरलं ते हातातून निसटलेलं, चिखलात तुडवलं गेलेलं किंवा घेण्यालायक न वाटलेलं: पादत्राणांच्या तळव्याचे खिळे, पट्ट्यांच्या कड्या, तुटके आकडे.

दुसरी वस्तू २०१८ च्या उन्हाळ्यात सापडलेलं पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत. मातीच्या वजनाने त्याच्या लोखंडी पट्ट्या घडी घातल्यासारख्या एकमेकांवर दाबल्या गेल्या होत्या. ते जागेवर सुटं केलं असतं तर भुगा झाला असता, म्हणून आजूबाजूच्या मातीसकट अख्खा ठोकळा उचलला. ठोकळा आधी म्युन्स्टर-ओस्नाब्र्युक विमानतळावरच्या कस्टमच्या क्ष-किरण यंत्रात घातला, पण नीट काही दिसेना. मग फ्युर्ट इथल्या फ्राउनहोफर संस्थेच्या प्रचंड सीटी स्कॅनरमध्ये तो तपासला, तेव्हा आतली एकेक पट्टी दिसली. या जातीचं हे आजवर मिळालेलं सर्वांत जुनं आणि सर्वांत पूर्ण चिलखत आहे. त्याच्यासोबत कैद्याची मान आणि हात जखडणारी लोखंडी बेडीही निघाली. हा शिपाई लढाईत जिवंत सापडला असावा, असा तिचा अर्थ लावतात.

तिसरी वस्तू खेचराच्या गळ्यातली घंटा. आत गवतकाडी कोंबलेली होती, आवाज होऊ नये म्हणून. रणांगणावर तेव्हा उभारलेला मातीचा बांध कोसळून जनावर त्याखाली गाडलं गेलं, त्यामुळे लुटणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं आणि हाडं टिकली. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून घाईघाईने काडी कोंबणारा कोणीतरी मुकादम इतका जवळून दिसतो की तिथून पाय निघत नाही.

मग मैदान. जमिनीवर ओळीने टाकलेले लोखंडी पत्रे रोमन फौजेच्या चालीचा अंदाजित मार्ग दाखवतात. त्यावरून चालत जा. बाजूला उभे लोखंडी खांब मातीच्या बांधाची रेघ दाखवतात. खांब दाट आहेत तिथे उत्खननात बांध मिळाला आहे, विरळ आहेत तिथे तो तर्काने जोडला आहे. हे कळलं नाही तर ती खांबांची साधी रांग वाटते. एका तुकड्यात जमीन खोल खणून त्या काळच्या पातळीवर नेली आहे आणि तिथली झाडी व बांधही उभा केला आहे. तिथे खाली उतरून उभे राहा. वरच्या बाजूची जमीन किती चढली आहे ते पायाला कळेल. ‘पाहणे’, ‘ऐकणे’ आणि ‘प्रश्न विचारणे’ अशा नावांची तीन छोटी दालनंही मैदानात आहेत. लहान मुलांना कॅमेरा ऑब्स्क्युराचं, म्हणजे अंधाऱ्या खोलीत छोट्या छिद्रातून पडणारं, उलटं चित्र आवडतं. मोठ्यांनी तिथे फार वेळ घालवला नाही तरी चालेल.

जमीन वर चढली म्हणजे काय? नदीचा गाळ का? (एक वाचक, सांगली)

गाळ नाही, शेतकऱ्यांचे कष्ट. तिथली माती रेताड, कस कमी. मध्ययुगापासून त्या भागातले शेतकरी माळावरच्या झुडपांचे मुळांसकट थर कापून आणत आणि गोठ्यात अंथरत. शेणामूत्राने भिजले की ते शेतात पसरत. कोकणात गोठ्यात पालापाचोळा अंथरून खत करतात, तोच विचार, फक्त इथे पानांसोबत मातीही येत असे. शेकडो वर्षं हे चाललं आणि शेताची पातळी काही ठिकाणी मीटरभर वर आली. नांगराचा फाळ त्या थरातच फिरत राहिला, खालची रोमन पातळी त्याला लागली नाही. शेजारपाजारच्या ज्या जमिनीवर हा थर नाही, तिथे वस्तू नांगराने विस्कटल्या. इतकं लहानसहान सामान जागच्या जागी मिळालं, ते या खताच्या कृपेने.

ही जागा सापडली कशी? आणि ती खरोखर वारुसचीच लढाई, हे सिद्ध झालं आहे का? (इतिहासाची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

तुमचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. इतिहासकार थिओडोर मोम्सेनने १८८५ मध्येच काल्क्रीझेकडे बोट दाखवलं होतं. तिथल्या बारेनाऊ गढीच्या जमीनदार घराण्याकडे आसपासच्या शेतांत मिळालेली रोमन नाणी होती आणि त्यांत त्या काळचा रोमन सम्राट ऑगस्टस याच्यानंतरची जवळजवळ नव्हती. पण लष्करी वस्तू मिळत नव्हत्या, म्हणून ते मागे पडलं. १९८७ मध्ये टोनी क्लन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी जिल्ह्याचे पुरातत्त्वज्ञ वोल्फगांग श्ल्युटर यांच्या परवानगीने मेटल डिटेक्टर घेऊन फिरला आणि चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तरीही नाणी व्यापाऱ्याची असू शकतात. पुढच्या वर्षी शिशाचे तीन गोफणगुंडे सापडले, तेव्हा चित्र बदललं. गोफणगुंडा व्यापाऱ्याच्या थैलीत नसतो. १९८९ पासून रीतसर उत्खनन सुरू झालं.

आता पुरावा. बाजूने बोलणाऱ्या गोष्टी चार. एक, इ. स. ९ नंतर पाडलेलं नाणं लढाईच्या थरात नाही. दोन, तांब्याच्या काही नाण्यांवर ‘वार’ ही अक्षरं ठोकलेली आहेत. ती वारुसच्या नावाची आहेत आणि त्याच्या जर्मनीतल्या कारकिर्दीतच, म्हणजे इ. स. ७ ते ९ मध्येच, ठोकली जाऊ शकतात. तीन, खड्ड्यांत एकत्र पुरलेली माणसांची आणि खेचरांची हाडं. ती पुरण्यापूर्वी काही वर्षं उघड्यावर पडून होती. टॅसिटस लिहितो की इ. स. १५ मध्ये रोमन सेनापती जर्मानिकुसची फौज या रणांगणावर आली आणि तिने पांढरी पडलेली हाडं गोळा करून पुरली. हे दोन्ही एकमेकांशी जुळतं. चार, २०२२ मध्ये जाहीर झालेली धातूंची तपासणी. पलटणीचे लोहार तुटकं सामान वितळवून पुन्हा वापरत, त्यामुळे प्रत्येक पलटणीच्या मिश्रधातूत सूक्ष्म घटकांची स्वतःची खूण तयार होते. काल्क्रीझेची खूण डांगश्टेटेन इथल्या रोमन तळाशी जुळली, आणि तिथे १९ वी लीजन होती.

विरोधात सांगतात ते असं. इ. स. १५ मध्ये जर्मानिकुसचा अधिकारी कायसिना यानेही दलदलीजवळ मोठी लढाई दिली, आणि त्याच्या शिपायांच्या खिशात जुनी नाणी असणं अशक्य नाही. बांधाबद्दलही वाद आहे. आधी तो जर्मन टोळ्यांनी दबा धरायला रचलेला मानत. अलीकडच्या उत्खननांनंतर तो रोमनांच्या घाईने उभारलेल्या तळाचा भाग असावा, असं मत पुढे आलं. आमच्या मते पुराव्याचा तोल वारुसच्या बाजूने स्पष्ट झुकतो. मात्र डिओच्या वर्णनाप्रमाणे लढाई अनेक दिवस सरकत चालली होती. म्हणजे काल्क्रीझे हा तिचा एक टप्पा, बहुधा शेवटाकडचा. प्रबंधात ‘लढाईची जागा’ असं एकवचन लिहिताना हे ध्यानात ठेवा.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती मिळाली होती. रोमचा आपल्याकडे व्यापार होता. काल्क्रीझेच्या वस्तूंशी काही नातं लागतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

लागतं, आणि तेही नाण्यांतून. संग्रहालयात ऑगस्टसचं चांदीचं नाणं शोधा, दिनारियस. व्यास दोन सेंटिमीटरच्या आत. एका बाजूला ऑगस्टसचं मस्तक. दुसऱ्या बाजूला झगा घातलेले दोन तरुण उभे, गायुस आणि लुकियुस हे त्याचे नातू, दत्तक घेतलेले. दोघांच्या मध्ये ढाली आणि भाले. हे नाणं इ. स. पूर्व २ पासून लियों इथे मोठ्या संख्येने पाडलं गेलं. काल्क्रीझेला ते शिपायांच्या पगारातून आलं. २०१६ मध्ये मिळालेली आठ सोन्याची नाणीही याच छापाची आहेत. आणि दक्षिण भारतात सापडणाऱ्या ऑगस्टसच्या चांदीच्या नाण्यांत सर्वाधिक भरणा याच छापाचा आहे. आपल्याकडे त्याच्या नकलाही पाडल्या गेल्या. एकाच टांकसाळीचं नाणं एका टोकाला दलदलीत रुतलं आणि दुसऱ्या टोकाला मिरीच्या मोबदल्यात पोचलं.

‘वार’ अक्षरांची तांब्याची नाणी मात्र आपल्याकडे शोधू नका. तांबं म्हणजे छावणीतली चिल्लर, ती इतक्या दूर येत नसे.

तिथे मेटल डिटेक्टर नेता येतो का? शेतात काही सापडलं तर? (एक वाचक, ठाणे)

नाही. लोअर सॅक्सनी राज्यात परवान्याशिवाय असा शोध घेणं बेकायदा आहे. वस्तू दिसली तर हात लावू नका, उचलू नका, धुऊ तर मुळीच नका. जागेचा फोटो घ्या आणि संग्रहालयात कळवा. खिळा स्वतः फारसं सांगत नाही. तो कुठल्या थरात, कुठल्या दिशेला पडला होता, हे सांगतं. उचलला की तेवढं कायमचं गेलं.

आई सत्तरीची आहे, मुलगा सहा वर्षांचा. कपडे, बूट? (एक वाचक, फ्रांकफुर्ट)

मैदानात वाट गवताची आणि मातीची आहे, पावसानंतर निसरडी होते. लोखंडी पत्रे ओले असले तर त्यांवर जपून पाय टाका. घोट्याला आधार देणारे बूट आणि वाऱ्याला टिकणारं रेनकोट-जाकीट न्या. त्या मोकळ्या पट्टीवर वाऱ्यात छत्री उलटते. बाबागाडी मोठ्या चाकांची असावी. आईंना संग्रहालय सोयीचं पडेल. मैदानात त्यांनी खणलेल्या भागापर्यंत जाऊन परत फिरावं, तेवढ्यात मुख्य गोष्ट दिसते. आवारात खाण्याची सोय आहे. हिवाळ्यात वेळा कमी असतात आणि चारनंतर उजेड जातो, म्हणून तेव्हा मैदान आधी आणि संग्रहालय नंतर करा.

काल्क्रीझे पाहून झालं आहे. याच धर्तीचं आणखी काय? (एक वाचक, म्युनिक)

हार्त्सहोर्न. गोटिंगेनच्या उत्तरेला, कालेफेल्ड गावाजवळ, ए-७ महामार्गाच्या कडेची रानातली टेकडी. इथली लढाई इ. स. २३५ च्या सुमाराची, सम्राट माक्सिमिनुस थ्राक्सच्या मोहिमेतली. वारुसनंतर रोमन इतक्या आत कधी आलेच नाहीत, हा समज तिने मोडला. २००० साली हौशी शोधकांना इथे जनावराच्या खुराला बांधायचा रोमन लोखंडी जोडा मिळाला. तो मध्ययुगीन मेणबत्तीदान समजून घरी पडून राहिला आणि २००८ मध्ये ओळखला गेला. यंत्रधनुष्यातून सुटलेल्या बाणांची लोखंडी टोकं जमिनीत घुसलेल्या कोनातच मिळाली, त्यामुळे रोमन कुठून कुठे मारा करत होते हे दिसतं. माहितीफलकांसह पायवाटा आहेत, पण चढ आहे. मार्गदर्शकाची फेरी आधी ठरवूनच जा. एकट्याने गेलात तर झाडांपलीकडे फारसं हाती लागत नाही.

ऱ्हाइनकडे जाणार असाल तर बॉनच्या राज्य संग्रहालयात मार्कुस कायलियुसचा दगड पाहा. बोलोन्याचा हा १८ व्या लीजनमधला शताधिपती, वय साडेत्रेपन्न. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे मुक्त केलेले दास, प्रिवातुस आणि थियामिनुस. दगड भावाने उभारला आणि त्यावर लिहिलं की कायलियुस ‘वारुसच्या युद्धात पडला’. लढाईचं नाव कोरलेला हा एकच शिलालेख आहे. देह मिळाला नव्हता, म्हणून हाडं इथे ठेवायला परवानगी आहे, अशी ओळही कोरली आहे.